प्रतिसाद: बिटरेटच्या आधी ओव्हरस्कॅन बघा

टीव्हीवर फोटोंचा स्लाइडशो धूसर दिसतो, या प्रश्नावर व्हिडिओचा बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) वाढवा, असं वरच्या एका प्रतिसादात सुचवलंय. चूक नाही, पण ती नंतरची गोष्ट. फुल एचडी पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो तसाच दिला तर तो लहान करायचं काम टीव्ही घाईत उरकतो, आणि साडीच्या जरीत किंवा खिडकीच्या जाळीत चमचम दिसते. फोटो आधीच पडद्याच्या मापाचे करा (फोर-के असेल तर ३८४० बाय २१६०) आणि हलकं शार्पनिंग (कडा ठळक करणं) त्यानंतरच द्या, आधी नाही.

ओव्हरस्कॅनचं मात्र अजून कुणी बोललेलं नाही. एचडीएमआय केबलवरून आलेल्या चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं चित्र ताणायची सवय बऱ्याच टीव्हींना असते, तोच ओव्हरस्कॅन. मग एकही पिक्सेल जागेवर राहत नाही. एलजीवर 'जस्ट स्कॅन', सोनीवर 'फुल पिक्सेल' अशा नावांच्या सेटिंगने तो बंद होतो. खात्री करायची तर पडद्याच्याच मापाचं, एक पिक्सेल काळी-एक पांढरी अशा उभ्या रेघांचं चित्र (पीएनजी फाइल) लॅपटॉपवरून टीव्हीवर लावा. जवळ जाऊन बघा: रेघा सगळीकडे सारख्या हव्यात, मध्येच राखाडी पट्टे दिसले तर चित्र अजून ताणलं जातंय. आणि टीव्हीचा 'शार्पनेस' बहुतेक मॉडेलवर शून्याजवळच बरा, नाहीतर केसांभोवती पांढरी कड येते.