च्यांग कै-शेक यांचा पराभव मदत कमी पडल्यामुळे झाला का?

चर्चाप्रस्ताव:
जपानच्या शरणागतीनंतर अमेरिकेने चीनमधील कम्युनिस्टांशी यादवी युद्ध लढणाऱ्या च्यांग कै-शेक यांच्या सरकारला सुमारे २०० कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य आणि कर्ज दिले, त्यांचे लाखो सैनिक विमानांनी व जहाजांनी उत्तर चीनमध्ये पोहोचवले, तरीही १९४९ अखेर त्या सरकारला तैवान गाठावे लागले. अमेरिकेने हात आखडता घेतला म्हणून चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला, हे मत मला पटत नाही. च्यांग यांच्या सैन्यात पटावरच्या खोट्या नावांचा पगार अधिकारी उचलत होते, बळजबरीने भरती केलेले शेतकरी अर्धपोटी लढत होते, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये आणलेले नवे चलन काही महिन्यांतच मातीमोल झाले. ऑक्टोबरमध्ये ईशान्य चीनमधील चांगचुन येथे त्यांची ६०वी सेना शस्त्रांसह कम्युनिस्टांना मिळाली. दारूगोळ्याच्या अभावी एकही लढाई हरलेली नाही, असे अमेरिकी सल्लागार पथकाचे प्रमुख जनरल बार यांनी नोव्हेंबरमध्ये कळवले होते. बाहेरून बंदूक देता येते; ती कोणासाठी चालवायची, हे सैनिकाला त्याच्याच सरकारने पटवून द्यावे लागते.

प्रतिसाद १:
असहमत. अमेरिकेचे दूत जॉर्ज मार्शल यांनी दोन्ही पक्षांत समेट घडवण्याच्या आशेने १९४६च्या उन्हाळ्यापासून मे १९४७ पर्यंत च्यांग यांना शस्त्रे देण्यावर बंदी लादली, तर मांचुरियात (ईशान्य चीनमध्ये) सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातील जपानी शस्त्रे कम्युनिस्टांच्या हाती पडली. एप्रिल १९४८ मध्ये १२.५ कोटी डॉलर मंजूर झाले, पण त्यातील बहुतेक शस्त्रे पोहोचेपर्यंत मांचुरिया हातचा गेला होता. कम्युनिस्ट बंडखोरांशी लढणारे ग्रीसचे सरकारही भ्रष्ट आणि दुबळेच होते, पण तेथे १९४७ पासून मदत आणि सल्लागार सातत्याने मिळाले आणि ते तगले.

प्रस्तावकाचे उत्तर:
ग्रीसची तुलना अपुरी आहे. स्टालिनशी बिनसल्यानंतर युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांनी जुलै १९४९ मध्ये ग्रीसलगतची सीमा बंद केली आणि ग्रीक बंडखोरांचा मोठा आधार तुटला. तसे चीनमध्ये काही घडले नाही. शस्त्रबंदीच्याच काळात च्यांग यांच्या फौजांनी झांगजियाकोउ शहर आणि कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे येनान जिंकले, हे कसे विसरता? आधी उत्तर चीन सावरा, मांचुरियात घाईने शिरू नका, असे चीनमधील अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेडेमायर यांनी १९४५ मध्येच सुचवले होते. तो सल्ला डावलण्याचा निर्णय च्यांग यांचा स्वतःचा होता.

प्रतिसाद १:
वेडेमायर यांच्याबाबत आपले म्हणणे मान्य आहे. मात्र शहर जिंकणे वेगळे आणि वर्षभर राखणे वेगळे. बंदीचे ते महिने माझ्या दृष्टीने तिथेच महागात पडले.