क्युबेकमधले इंग्रजी भाषिक म्हणजे फक्त वेस्टमाउंट?

शेरब्रुककर:
परवा इथे एकाने कॅनडाच्या फ्रेंचबहुल क्युबेक प्रांताबद्दल लिहिलं, 'मॉन्ट्रियलबाहेर इंग्रजी माणूस औषधालाही सापडणार नाही, आणि मॉन्ट्रियलमधले सगळे वेस्टमाउंटचे गर्भश्रीमंत.' त्याला सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून लिहायला बसलो. बहुसंख्य इंग्रजी भाषिक मॉन्ट्रियल परिसरात आहेत, हे खरं. पण त्याच शहराच्या पॉइंट-सें-शार्ल वस्तीत राहिले ते आयरिश मजूर. लिटल बर्गंडीत रेल्वेत हमाली करणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन तिथलाच. ही गर्भश्रीमंती?

आता बाहेर चला. आमच्या ईस्टर्न टाऊनशिप्समध्ये अठराव्या शतकाच्या शेवटापासून अमेरिकेतून लोक येऊन शेती करू लागले. लेनोक्सव्हिलचं बिशप्स विद्यापीठ १८४३चं. ओटावा नदीकाठी शॉविल आहे. गास्पेत न्यू कार्लाइल आहे, जिथे क्युबेक वेगळा देश व्हावा म्हणणारे खुद्द रने लेव्हेक लहानाचे मोठे झाले. लोअर नॉर्थ शोअरच्या हॅरिंग्टन हार्बरला तर रस्ताच जात नाही, बोटीने जायचं आणि गावात लाकडी फळ्यांच्या वाटांवरून फिरायचं. न्यूफाउंडलंडहून आलेल्या कोळ्यांचं गाव ते.

मापे:
चार गावांची नावं घेतलीत म्हणून चित्र बदलत नाही. १९६०पर्यंत इथल्या कारखान्यांत मुकादम इंग्रज आणि कामगार फ्रेंच. उत्पन्नाच्या यादीत फ्रेंच माणूस स्वतःच्याच प्रांतात जवळजवळ तळाला होता. शाळेत आणि कामावर फ्रेंच सक्तीची करणारा १९७७चा १०१ क्रमांकाचा कायदा उगाच नाही आला. अख्ख्या उत्तर अमेरिकेत इंग्रजीचा समुद्र आहे. जपायचं कुणाला, ते ठरवा.

कोपऱ्यावरची:
कायद्याचं कौतुक ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनीच करावं. माझी मुलगी सक्तीने फ्रेंच शाळेत. शेजारणीची मुलं इंग्रजी शाळेत, कारण तिचं प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीतून झालंय. मीही इंग्रजी माध्यमातच शिकले, पण पुण्यात, म्हणून ते धरत नाहीत! रात्री गृहपाठाला बसलो की पोरगी रडते आणि मला एक वाक्य समजावून सांगता येत नाही.

मापे:
अमराठी मुलांना मराठी आलीच पाहिजे म्हणून २०२०चा कायदा झाला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे आलो की नियम वेगळा?

कोपऱ्यावरची:
एक विषय शिकवणं आणि माध्यमच ठरवून टाकणं यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. आणि टाळ्यांचं म्हणाल, तर मला विचारून वाजवल्या होत्या का?

बेळगावचा:
जरा शांत व्हा दोघं. मी बेळगावचा. १९५६ला आम्ही ज्या राज्यात गेलो, त्याच्या नकाशात आमची भाषा दिसत नाही. म्हणून शॉविलवाल्यांचं दुखणं मला कळतं. क्युबेकच्या २०२२च्या भाषा कायद्यानंतर ज्या गावांत इंग्रजी मातृभाषेचे निम्म्याहून कमी, त्यांचा द्विभाषिक दर्जा, म्हणजे नगरपालिकेचा कारभार इंग्रजीतही करायची मुभा, जाणार होता. नगरपालिकेने ठराव केला तर टिकणार होता, आणि बहुतेकांनी ठराव केले. अशी सोय आम्हाला कोण देतंय? पण मॅकगिलसारखं मोठं इंग्रजी विद्यापीठ पाठीशी असलेले लोक आणि आम्ही एकाच पंक्तीतले, असंही कुणी म्हणू नका.

मापे:
शॉविल आणि ते बोटीचं गाव, ठीक, ते वेगळं. तिथल्या कोळ्यांनी कुणावर मुकादमी केली नाही, एवढं मानतो. म्हणून कायदा चुकीचा ठरत नाही.

शेरब्रुककर:
कायदा रद्द करा असं मी कुठे म्हटलंय? १९७१ला इंग्रजी मातृभाषेचे सुमारे १३ टक्के होते, आता आठच्या आसपास. गेले ते बरेचसे ऑन्टॅरिओत, आणि गेले ते तरुण. आमच्याकडे अँग्लिकन चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर ओळीने इंग्रजी नावं आहेत, समोरच्या दुकानात मात्र सगळा व्यवहार फ्रेंचमध्ये. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आजारपणात नर्सशी आपल्या भाषेत बोलायचं असतं. 'तुम्ही इथे नाहीच' म्हणणं सोपं आहे, कारण मग त्यांच्यासाठी नर्स ठेवावी लागत नाही. माझा राग या एका वाक्यावर आहे.

कोपऱ्यावरची:
आणि मग त्याच गावांत मुलं नाहीत म्हणून इंग्रजी शाळा ओस पडतात. बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांची मुलं तिथे चालत नाहीत, तर पट वाढणार कसा? मापे, याचं उत्तर द्या, महाराष्ट्राला मधे न आणता.