दिवे असलेला गेमिंग कीबोर्ड, बजेट दोन हजार, आणि घरात तान्ही मुलगी

घुबड_ठाणे
नमस्कार मंडळी. ठाण्यात वन बीएचके, कॉम्प्युटरचं टेबल हॉलमध्ये आणि टेबलापासून चार हातांवर सात महिन्यांच्या लेकीचा पाळणा. सगळं उरकून साडेअकराला बसतो, तासभर व्हॅलोरंट, तो ऑनलाइन गोळीबाराचा गेम. ट्यूब लावली की ती टक्क जागी होते, म्हणून अंधारातच खेळतो. परवा बोटं एक घर उजवीकडे सरकली होती ते कळलंच नाही. पुढे पळायला डब्ल्यू दाबायचं, तर दाबलं ई. ऐन मोक्याला ॲबिलिटी (गेममधली खास शक्ती) वाया, वर टीमच्या शिव्या.

तर दिवेवाला कीबोर्ड हवाय. दोन हजार, फार तर बावीसशे. सौ.ची एकच अट आहे : आवाज नको. सुचवा.

खटखट_बंडू
टीव्हीएस गोल्ड घ्या. आमच्या पतपेढीत एक आहे, त्याच्यावरची अक्षरं पुसली पण बटणं अजून ठणठणीत.

मेकॅनिकल_मामा
बंडू, धागा वाचलास का? टीव्हीएस गोल्डला दिवे नाहीत. आणि तो मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र खटका (स्विच), तोही ब्लू. त्यावर रात्री बारा वाजता खेळायला बसले तर पाळण्यातलीच नव्हे, खालच्या मजल्यावरचीही उठतील.

घुबड, आवाजाचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात. ब्लू स्विचमध्ये मुद्दाम ‘टिक’ वाजणारी रचना असते. ब्राउनमध्ये टिक नाही, बोटाला मध्ये एक हलका खडा लागल्यासारखं वाटतं. रेडमध्ये तेही नाही, बटण सरळ खाली जातं. दुकानदार म्हणतो, ‘रेड घ्या, सायलेंट आहे.’ तसं नसतं. चेरी कंपनीच्या मूळ रेडमध्ये बटण दोन मिलिमीटर खाली गेलं की नोंद होते, पण पूर्ण प्रवास चार मिलिमीटरचा. खेळाच्या भरात आपण दोनवर थांबत नाही, तळाला नेऊन आपटतो. टिक गेली तरी तो ‘ठक’ राहतोच. टेबल पोकळ प्लायचं असेल तर ते ढोलकीसारखं वाजतं. मी कीबोर्डखाली जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी करून घातलाय. हसू नका, निम्मा फरक त्यानेच पडला.

खरा शांत हवा असेल तर मेम्ब्रेन. खाली रबराच्या टोप्या असतात, आवाज दबका. दिव्यांसकट हजाराच्या आत येतो. पण त्यात घोस्टिंगची भानगड.

घुबड_ठाणे
मामा, घोस्टिंग म्हणजे? खोक्यावर ‘१९ की अँटी-घोस्टिंग’ असं असतं ते?

मेकॅनिकल_मामा
तेच. आतल्या तारा जाळीसारख्या असतात, उभ्या-आडव्या. एका वेळी तीन-चार बटणं विशिष्ट जागी दाबली की सर्किटला नेमकं काय दाबलंय ते कळत नाही, मग ते एखादं बटण गिळून टाकतं. शिफ्ट धरून तिरकं चालताना स्पेस मारली आणि उडी आलीच नाही, असं होतं ना? ते हे. १९ म्हणजे डब्ल्यू-ए-एस-डी या चालायच्या बटणांच्या आसपासची तेवढी बटणं सांभाळली आहेत, उरलेली रामभरोसे. खेळायला तेवढं पुरतं. मेकॅनिकलमध्ये बहुधा प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यामुळे सगळी एकदम दाबली तरी चालतं.

घरी तपासायचं असेल तर नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट दाबून ठेवा आणि इंग्रजी एबीसीडी टाइप करा. जी अक्षरं उमटणार नाहीत ती तुमचा कीबोर्ड गिळतोय.

घुबड_ठाणे
आत्ताच केलं. अर्धी एबीसीडी गायब. 😐

लॅमिंग्टनवारी
दिव्यांबद्दल कोणी बोललंच नाही, आणि धागा दिव्यांचा आहे!

खोक्यावर ‘आरजीबी’ दिसलं म्हणून हुरळू नका. स्वस्तातल्या पुष्कळ कीबोर्डांत पट्टे ठरलेले असतात : डावीकडे लाल, मग पिवळा, हिरवा, निळा. ते बदलत नाहीत, कमी-जास्त होतात किंवा लुकलुकतात, बस्स. त्याला रेनबो म्हणतात. खरा आरजीबी म्हणजे प्रत्येक बटणाला हवा तो रंग. रेड्रॅगनचा के५५२ घ्या उदाहरणाला : ८७ बटणांचा, नावाजलेला, पण त्याच नावाखाली नुसत्या लाल दिव्यांचाही मिळतो, रेनबोही आणि आरजीबीही. ऑनलाइन घेताना फोटो नको, खालचं वर्णन वाचा.

तुम्हाला नाच नको, अंधारात अक्षर दिसायला हवंय. म्हणजे रंगापेक्षा टोपी, बटणाचा अक्षरवाला वरचा भाग, महत्त्वाची. अक्षरातून उजेड आरपार यायला हवा. काही टोप्यांवर अक्षर नुसतं छापलेलं असतं. दिवा बटणांच्या फटींतून झगझगतो आणि अक्षर काळं ते काळंच. देवळाबाहेर रोषणाई आणि गाभाऱ्यात अंधार. डबल-शॉट टोपी मिळाली तर उत्तम, तिच्यात अक्षर वेगळ्या प्लास्टिकचं ओतलेलं असतं, झिजत नाही. आणि उजेड कमी करायची सोय हवीच. पूर्ण उजेडावर तो पाळण्यापर्यंत जाईल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात या, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. दुकानदाराला म्हणा, जरा दिवे मालवा. हसतो, पण मालवतो.

शाई_आणि_कळ
मराठी टाइप करता का? मी दिवसभर इनस्क्रिप्टवर (देवनागरी टायपिंगची बटणमांडणी) असते, म्हणून सांगते. देवनागरीचे स्टिकर लावणार असाल तर काळ्या पाठीचे लावू नका, उजेड तिथेच संपतो. पारदर्शक पाठीचे मिळतात. आणि सगळे म्हणतील ६१ बटणांचा छोटा घ्या, टेबलावर जागा होते. मी घेतला होता. बाणांची वेगळी बटणं नसतात, एफएन (फंक्शन) बटण धरून दुसरी दाबावी लागतात. एक ओळ दुरुस्त करताना बोटांची फुगडी. महिन्याने भाच्याला दिला. ८७वाला घ्या, फक्त नंबर पॅड जातो.

घुबड_ठाणे
ताई, मराठी फोनवरच. पण बाण लागतात, ऑफिसच्या शीटा घरी येतात. ८७ पक्का.

चिपळूणचा_वेताळ
एक कोकणी सूचना. हॉट-स्वॅप घ्या, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून बदलता येतो. आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी ओली की दुसऱ्या वर्षी ‘क’ एकदा दाबला की ‘कक’ यायला लागला. माझा कीबोर्ड आत पक्क्या डागलेल्या (सोल्डर केलेल्या) स्विचचा होता. वॉरंटीत पाठवला, कंपनीचं नाव घेत नाही, सव्वा महिना गेला आणि परत आला तो तसाच. हॉट-स्वॅप असता तर एका स्विचचं, पाच मिनिटांचं काम.

आणि समोर बसून चिवडा खाऊ नका. एकदा टोप्या काढल्या तर खाली लाल मुंग्यांची वस्ती.

मेकॅनिकल_मामा
वेताळाने हॉट-स्वॅप काढलं म्हणून सुचलं. घुबड, सगळा कीबोर्ड शांत करायची गरजच काय? रात्री वाजतात ती बटणं किती, दहा? साधा रेड स्विचचा हॉट-स्वॅप घ्या आणि सायलेंट स्विचचं दहाचं पाकीट वेगळं. त्यात आत रबराचे छोटे तुकडे असतात, बटण तळाला आणि वर येताना आपटत नाही. खेळातल्या बटणांखाली तेवढेच बसवा.

पण तीन गोष्टी पाहा. स्वस्त हॉट-स्वॅपची भोकं कधीकधी बारीक असतात, तिथे ऑटेमू कंपनीच्याच स्विचचे पाय जातात, दुसऱ्यांचे वाकतात. स्विच पाच पायांचा आणि बोर्ड तीनचा असेल तर प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरने उडवा, धातूचे नव्हेत! आणि स्विचचा वरचा भाग पारदर्शक हवा. काळा घेतलात तर ज्या दहा बटणांसाठी दिवे घेतले तीच अंधारात.

खटखट_बंडू
स्पेसबार खडखडतो त्याला खोबरेल तेल लावा.

मेकॅनिकल_मामा
बंडू!! तेल लावू नका कोणी. स्पेसबारखाली तार असते, तिच्या टोकांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा ठिपका, काडीपेटीच्या काडीने. स्विचमध्ये काही जाऊ द्यायचं नाही.

घुबड_ठाणे
मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय. ग्रँट रोडलाच गेलो. ८७ बटणं, रेड, हॉट-स्वॅप, डबल-शॉट टोप्या, घासाघीस करून एकोणीसशे. दिवे खरंच मालवले हो त्यांनी! सायलेंटचं पाकीट साडेतीनशे, बजेट पन्नासने फुटलं. डब्ल्यू-ए-एस-डी, क्यू, ई, आर, शिफ्ट, कंट्रोल, स्पेस : दहा बसवले. पहिल्याचा पाय वाकला, चिमट्याने सरळ केला. दिवे सगळ्यात कमीवर, एकच नारिंगी रंग. खाली चादर नाही, जुनी दुपटी आहे.

लेक उठत नाही. सी आणि एक्सला मात्र स्विच पुरले नाहीत. सी मी वापरत नाही फारसं, पण एक्सवर अल्टिमेट, सगळ्यात मोठी ॲबिलिटी, आहे. काल ते मारलं आणि आतून आवाज आला, ‘जिंकलास का? मग झोप आता.’