कादंबरीतल्या जगाचा कालक्रम कसा लावता?

कोथरूडहून लिहितेय. तीन वर्षं एका काल्पनिक जगावर काम चालूये, चार राज्यं, सहाशे वर्षांचा इतिहास, आणि आता सगळा घोळ झालाय. काल लक्षात आलं की राणीचा नातू तिच्या लग्नाच्या बारा वर्षं आधीच लढाईवर गेलाय! प्रत्येक राज्याची कालगणना वेगळी ठेवलीय, ती काढून टाकू का?

> अजिबात नको, त्यातच तर मजा आहे. आपल्याकडे बघा ना, १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शालिवाहन शके १५९६ चालू होतं आणि तिथूनच राज्याभिषेक शक १ सुरू झाला, वर त्या काळच्या कागदपत्रांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना असतेच. फक्त स्वतःसाठी एक मूळ वर्ष धरा, एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये तेच टाका, बाकीच्या गणना फॉर्म्युल्याने काढा. आणि वर्ष कधी बदलतं ते आधी ठरवा, शक चैत्रात बदलतो म्हणून इसवी सनासाठी कधी ७८ मिळवायचे तर कधी ७९.

> जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांची जुनी सालवार नोंद, चाळून बघ गं. साल, तिथी आणि एका ओळीत घटना, बस. मी तशीच वही केलीय, शेजारी प्रत्येक पात्राचं वय पेन्सिलने लिहिते, चूक लगेच दिसते.

> वयाचा कॉलम आत्ताच टाकला, नातवाचं वय उणे एकतीस येतंय 😭 आज रात्री बसून सगळं नीट लावते. खूप थँक्यू दोघांना!