कोरियाचे युद्ध कोणाचे: महासत्तांचे की कोरियनांचे?

देवळालीकर:
नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी परक्या भूमीवर एकमेकांचे बळ अजमावले, अशीच कोरियन युद्धाची मांडणी बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. नुकतेच एका विद्यार्थिनीने विचारले की, उत्तर कोरियाचे किम इल-सुंग आणि दक्षिण कोरियाचे सिंगमन री हे नेते केवळ महासत्तांच्या हातातील प्यादी असतील, तर १९५३ मध्ये अमेरिकेला युद्ध थांबवायचे असताना री तिला इतका काळ अडवून कसे धरू शकले? मला तिला एका वाक्याचे उत्तर द्यायचे नाही. जाणकारांनी कृपया मांडणी करावी.

पंचवटीकर:
फाळणी महासत्तांची, युद्धाची इच्छा कोरियनांची आणि युद्धाची साधने पुन्हा महासत्तांची, अशी विभागणी केल्यास बराच गुंता सुटतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये, कोरियावर राज्य करणारा जपान शरण येत असताना डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी कर्नलांनी एका रात्रीत, हाताशी असलेल्या नकाशावर ३८ अंश अक्षवृत्ताची रेषा सुचवली आणि स्टालिनने ती विनातक्रार मान्य केली. (हेच रस्क पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते.) ही रेषा ओढताना भूगोल पाहिलाच गेला नाही. ओंगजिन द्वीपकल्प दक्षिणेच्या वाट्याला आले, पण तेथे जमिनीवरून जायचे तर उत्तरेतूनच जावे लागे. उद्या कोणी पट्टी ठेवून रेघ मारावी आणि इगतपुरीकरांना नाशिकला येण्यासाठी परराज्यातून वळसा पडावा, तसा हा प्रकार होता. १९४९ मध्ये याच ओंगजिनमध्ये दोन्ही बाजूंच्या चकमकी झडत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे २५ जून १९५० चा उत्तरेचा दक्षिणेवरील हल्ला आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

१९४८ मध्ये दोन सरकारे स्थापन झाली आणि दोघांनीही संपूर्ण देशावर हक्क सांगितला. उत्तरेवर चालून जाण्याची भाषा री उघडपणे करत असत, म्हणूनच अमेरिकेने त्यांना रणगाडे आणि अवजड शस्त्रे दिली नाहीत. किम यांनी १९४९ मध्ये स्टालिनकडे परवानगी मागितली, ती नाकारली गेली. १९५० च्या आरंभी मात्र स्टालिनचे मत बदलले. तोपर्यंत चीनमध्ये माओचा विजय झाला होता, सोव्हिएत अणुचाचणी झाली होती आणि अमेरिकी परराष्ट्रमंत्री अ‍ॅचिसन यांनी १२ जानेवारीच्या भाषणात सांगितलेल्या संरक्षणरेषेत कोरियाचा समावेश नव्हता. तरीही स्टालिनने होकार देताना माओची संमती आवश्यक ठरवली आणि सोव्हिएत सैन्य लढायला येणार नाही हे स्पष्ट केले. टी-३४ रणगाडे मात्र दिले. एका महासत्तेने आपल्या माणसाला रणगाडे दिले आणि दुसरीने ते रोखले, एवढ्या एका फरकाने युद्धाचे पहिले आठवडे ठरले.

गंगापूर रोडचा वाचक:
वरील मांडणी मला बरीचशी पटते, परंतु तिच्यात युद्धाच्या मधल्या दोन वर्षांना न्याय मिळत नाही. आरंभ किम यांच्या आग्रहाने झाला, हे खरे. पण ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने सीमेवरील यालू नदी ओलांडल्यानंतर या युद्धाचा वेग आणि मर्यादा दोन्ही कोरियाबाहेर ठरू लागल्या. अमेरिकी सैन्य ३८ अंशांपलीकडे आल्यास चीन युद्धात उतरेल, असा इशारा चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बीजिंगमधील भारतीय राजदूत पणिक्कर यांच्यामार्फत आधीच दिला होता. वॉशिंग्टनने तो गांभीर्याने घेतला नाही आणि माझ्या मते त्या संपूर्ण वर्षातील सर्वांत महागडी चूक तीच होती.

सोव्हिएत वैमानिक मिग-१५ विमाने घेऊन प्रत्यक्ष लढत होते, मात्र चिनी गणवेशात, आणि कोणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांना आघाडीपलीकडे किंवा समुद्रावर उडण्याची मनाई होती. अमेरिकेला हे ठाऊक होते, पण जाहीर केल्यास थेट सोव्हिएत संघाशी युद्धाची मागणी उठेल म्हणून तिने मौन पाळले. चीनच्या भूमीवर युद्ध नेण्याचा आग्रह धरणाऱ्या सरसेनापती मॅकआर्थर यांना अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी एप्रिल १९५१ मध्ये पदावरून दूर केले, यामागेही तीच धास्ती होती.

बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि पुढे मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडकली. बॉम्बवर्षावाने देश बेचिराख झालेल्या किम यांना १९५२ मध्ये युद्ध थांबवायचे होते, तर स्टालिनला घाई नव्हती. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिनचा मृत्यू झाला आणि दोन आठवड्यांत मॉस्कोचे धोरण पालटले. ज्याने युद्ध मागितले त्याला ते थांबवता येत नव्हते, यात महासत्तेचे खरे सामर्थ्य दिसते.

देवळालीकर:
आभारी आहे. किम यांच्या बाजूचे चित्र स्पष्ट झाले. परंतु विद्यार्थिनीचा प्रश्न री यांच्याविषयी होता आणि त्यांच्या बाबतीत नेमके उलटे घडलेले दिसते.

सातपूरचा अभ्यासक:
होय, उलटेच घडले, कारण अमेरिकेला जे राज्य वाचवायचे होते त्याच्या अस्तित्वाचाच री यांनी दबावासाठी वापर केला. युद्धविराम तोंडावर आला असताना १८ जून १९५३ रोजी त्यांनी मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे २७,००० उत्तर कोरियन युद्धकैदी परस्पर सोडून दिले. त्यांना पदच्युत करण्याची योजना अमेरिकी लष्कराने आखून ठेवली होती, पण त्यांच्या जागी कोणाला आणायचे याचे समाधानकारक उत्तर नसल्याने ती अमलात आली नाही. २७ जुलैच्या युद्धविरामावर दक्षिण कोरियाने स्वाक्षरी केली नाही. मोडता न घालण्याच्या बदल्यात री यांनी आर्थिक मदत आणि १ ऑक्टोबर १९५३ चा संरक्षण करार मिळवला.

त्यांचा हट्ट भारतीय सैनिकांनीही अनुभवला. उरलेल्या २२,०००हून अधिक कैद्यांची देखरेख जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखालील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे होती आणि प्रत्यक्ष पहाऱ्यावरील भारतीय दलाचे नेतृत्व आपले मराठी सेनानी, कोल्हापूरकडील मेजर जनरल एस. पी. पी. थोरात करत होते. आपल्या भूमीवर भारतीयांनी पाऊल ठेवू नये असे री यांनी बजावल्यामुळे या सैनिकांना इंचॉनजवळ जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तुमच्या विद्यार्थिनीला हाच प्रसंग आधी सांगावा, असे मला वाटते. हेलिकॉप्टर अमेरिकेची होती, पण ती वापरावी लागली ती री यांच्यामुळे.