अनुभव धागा: घराचे कागद

घर बघायला गेल्यावर ऊन, पाण्याचा दाब, पार्किंग सगळं बारकाईने पाहिलं जातं. कागदांचा विषय निघाला की मात्र "बँक कर्ज देतेय ना, मग क्लिअरच असणार" इथे गाडी थांबते. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) काढतो तो बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, विकणाऱ्याच्या बहिणीची सही लागेल का, हे आपल्या वतीने विचारणारं तिथे कुणी नसतं. टोकन देण्याआधी स्वतःचा वकील गाठावा, असं माझं ठाम मत आहे. पण इथे मतांपेक्षा अनुभव हवेत. कुठला कागद कुठे अडला आणि कसा सुटला, ते तपशिलात लिहा. सुरुवात मी करते.

ठाण्यात आम्ही रीसेलचा फ्लॅट घेतला. आमच्या आधी दोन मालक होऊन गेलेले. वकिलांनी पूर्ण चेन मागितली: बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करार, पहिल्याने दुसऱ्याला दिलेला, सगळे मूळ प्रतीत. पहिला करार मिळाला तो १९८७ चा, पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, कडा पिवळ्या पडलेल्या. तो १० डिसेंबर १९८५ च्या आधीचा असता तर प्रश्न नव्हता. त्या तारखेपासून ताबा देणाऱ्या करारालाही खरेदीखतासारखं पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं. म्हणजे जुनं शुल्क थकलेलं, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा दंड. त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ मध्ये, शासनाची मुद्रांक अभय योजना (थकलेल्या शुल्कात आणि दंडात सूट) सुरू झाली आणि विकणाऱ्यांनी तिच्यात अर्ज करून कागद नियमित करून घेतला. हा खर्च त्यांचा, हे आमच्या वकिलांनी आधीच लेखी घेतलं होतं. जुनी इमारत घेणाऱ्यांनी पहिल्या कराराची तारीख आणि स्टॅम्प आधी बघा, टाइल्स नंतर.

डोंबिवलीकर

आमची गोष्ट नॉमिनीची. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर, ते गेल्यावर सोसायटीने नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाच्या नावावर केलेलं. तोच विकत होता. एजंट म्हणाला, नाव चढलंय, आता काय राहिलं? पण नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त, मालकी सगळ्या वारसांची. त्याची एक बहीण लग्न होऊन इंदूरला, आई हयात. दोघींनी हक्कसोडपत्र करून नोंदवल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही असं सांगितलं. नोटरी केलेलं संमतीपत्र चालेल असं सुचवलं गेलं, ते आम्ही घेतलं नाही, कारण स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो. ताई आल्या, सब-रजिस्ट्रारच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, अंगठे झाले. त्या दिवशी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, बरं झालं तुम्ही अडून बसलात. मला कुणी विचारलंच नव्हतं." हे मी विसरणार नाही.

कोथरूडहून

घर घेण्यापेक्षा कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं मला जास्त किचकट गेलं, म्हणून तेच लिहितो.

व्याजदरात चांगला फरक मिळत होता. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, तो प्रश्न नव्हता. जुन्या बँकेकडून दोन कागद लागतात: फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेला एवढे भरले की खातं बंद, आणि लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स, म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी. ही यादी डोळ्यांत तेल घालून वाचा. माझ्या यादीत मूळ करार होता, पण नोंदणी फीची पावती नव्हती, जी मी जमा केल्याची पोच माझ्याजवळ होती. पोच दाखवली तेव्हा ती त्यांच्या दुसऱ्या फाइलीत सापडली.

मग नवी बँक थेट जुन्या बँकेच्या नावाने रक्कम देते आणि कागद इकडे येईपर्यंत मधला काळ जातो. माझ्या बाबतीत तो फारच लांबला. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मी त्या नियमाचा उल्लेख करून शाखेला ईमेल केला आणि हालचाल झाली. तोंडी विनंत्या करत बसू नका.

बचतीचं गणित करताना हेही धरा: नव्या बँकेकडे कागद तारण ठेवताना कर्जाच्या रकमेवर मुद्रांक शुल्क पुन्हा लागतं, शिवाय प्रोसेसिंग फी. तारणाचा दस्त नोंदवला नसेल तर ३० दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे नोटीस ऑफ इंटिमेशन (कागद तारण ठेवल्याची सूचना) द्यावी लागते. जुना बोजा सरसाईच्या (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतून उतरला का, तेही स्वतः तपासा. कर्जाची मुदत शेवटाकडे आली असेल तर हा खटाटोप सहसा परवडत नाही.

रेडिंग, इंग्लंड

वरचं वाचून इथला फरक जाणवला. इथे मूळ कागदांच्या फाइलीला तितकं महत्त्व उरलेलं नाही. मालकी लँड रजिस्ट्रीच्या नोंदीवर असते आणि त्या नोंदीला सरकारची हमी असते. दोन किंवा पाच वर्षांचा ठरलेला व्याजदर संपला की कर्ज सावकाराच्या चढ्या दरावर जातं, म्हणून लोक रीमॉर्गेज करतात, म्हणजे त्याच घरावर नवं कर्ज घेऊन जुनं फेडतात. सॉलिसिटर जुना बोजा फेडून नवा नोंदवतो. त्याच सावकाराकडे नुसती योजना बदलली तर सहसा सॉलिसिटर लागतही नाही.

खरेदीत मात्र जीव टांगणीला लागतो. ऑफर मान्य झाली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नसतं. आमचं एक घर असंच ऐन वेळी गेलं. सर्वे आणि सर्चचे पैसे बुडाले.

मुलुंड, सोसायटी सेक्रेटरी

फ्लॅट घेणाऱ्यांनी विचारावा आणि कुणीच विचारत नाही असा प्रश्न: कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावे हस्तांतरण, झालंय का? १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची. आमच्याकडे प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव होतं. शेवटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स आदेशाने मिळवण्याचा) अर्ज केला. प्रत्येक सभासदाची इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा उतारा) गोळा करणं हेच सगळ्यात मोठं काम ठरलं, कारण काहींनी करार नोंदवलेलेच नव्हते. आदेश मिळाला, दस्त नोंदवला, मग सिटी सर्व्हेत नाव चढवायला वेगळ्या फेऱ्या. पण आज पुनर्विकासाच्या बैठकीत आम्ही जमिनीचे मालक म्हणून बसतो. याआधी बिल्डर एफएसआयचा (जमिनीवर किती बांधकाम करता येतं त्याचा) हिशोबही सांगत नसे.

नाशिक

प्लॉटवाल्यांसाठी थोडक्यात. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली जमीन) दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय टोकन नाही.

मडगाव

गोव्यात घर घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. सेल डीडवर दोघांची सही हवीच, फॉर्म एक व चौदावर (इथल्या सातबाऱ्यावर) नाव एकाचंच असलं तरी. वारसा असेल तर इन्व्हेंटरीची कारवाई (वारसांमधली कायदेशीर वाटणी) पूर्ण झाली का, ते विचारा. आमच्या शेजारचं घर पुण्याच्या एका कुटुंबाने पसंत केलं होतं. विकणाऱ्याची बायको पोर्तुगालमध्ये. तिचं मुखत्यारपत्र येईपर्यंत थांबण्याचा सल्ला इथल्या वकिलाने दिला. ते थांबले, आणि आता आमचे छान शेजारी आहेत.

औंध

विकणारे अमेरिकेत असतील तर दोन गोष्टी. ५० लाखांपासून वरच्या घरावर एक टक्का टीडीएस कापायचा, हे भारतात राहणाऱ्या विकणाऱ्यासाठी. अनिवासी असेल तर कपात बरीच जास्त असते आणि ती कापायची जबाबदारी आपली, घेणाऱ्याची. आमच्या विकणाऱ्यांनी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं, म्हणून त्यांचे पैसे अडकले नाहीत. दुसरं, परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेलं हवं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.

घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. कर्जात मी सहकर्जदार आहे, त्याला हरकत नव्हती.