बॉल जॉइंट घरी बदलायचा खेळ बंद करा

वर्धा रोडवाला: काल एकानं ठोकून दिलं, "बॉल जॉइंट म्हणजे पाना, हातोडा आन् रविवारची सकाळ. मिस्त्रीला पैसे कशाला देता?" वाचून डोकं फिरलं. चाक ज्या गोल सांध्यावर वळते तो हा, त्यातला बॉल निसटला की चाक आडवं पडते, स्टेअरिंग फिरवून उपयोग नाही. माझ्या साळ्याचं अजनीत तसंच झालं. वेग कमी होता म्हणून वाचला.

मानेवाडा २००६: ते मीच लिहिलं. गॅरेजवाल्यानं माझ्या वॅगनआरच्या दोन्ही लोअर आर्मचं (चाक धरणारा खालचा दांडा, बॉल जॉइंट त्याच्याच टोकाला) बिल लावलं. महिन्यात परत खडखड. चाक काढून पाहिलं तर डावीकडे जुनाच आर्म, वरून काळा रंग! तेव्हापासून स्वतःच करतो. नकलचा (चाकामागचा लोखंडी भाग, बॉलचा दांडा त्यातच बसते) आडवा बोल्ट पूर्ण काढावा लागते, तो बॉलच्या दांड्याच्या खाचेतून जाते. नुसता ढिला करून ठोकणाऱ्यांनी हे काम बदनाम केलं. माझा गंजला होता, रात्रभर तेलात ठेवला, सकाळी सुटला.

वर्धा रोडवाला: आन् आर्मच्या गाडीकडच्या टोकाच्या रबरी बुशचे बोल्ट कधी आवळले? चाक लटकत असताना?

मानेवाडा २००६: जॅकवरच. मग?

वर्धा रोडवाला: मग बुश पिळलेलंच बसलं, लवकर फाटणार. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करूनच.

धरमपेठची: भांडता कशाला, जॉइंट जातात काहून ते पहा. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात. इंजिन खोललं, सीटा वाळवल्या. जॉइंटवरचं फाटकं रबर कोणी पाहिलंच नाही, तिथून पाणी आत गेलं. दिवाळीपर्यंत प्रत्येक वळणावर कुरकुर.

खामल्याचा भाऊ: पाण्याचं सोडा, सिमेंट रोडचं बोला! रोड वीतभर उंच, बाजूचे गट्टू (सिमेंटचे ठोकळे) खचलेले. रोज चाक त्या धारेवरून धाडकन उतरते.

धरमपेठची: डांबराचे खड्डे विसरले का? दर पावसाळ्यात तेच.

खामल्याचा भाऊ: खड्डा बुजवता येते, ताई. उंच केलेला रोड कोण खाली करणार? पहिल्याच जोराच्या पावसात आईच्या खोलीत पाणी शिरते. तिचा पलंग विटांवर ठेवला आहे, दोन वर्षं झाली.

धरमपेठची: ते मात्र चूकच आहे. आमच्या गल्लीत लेव्हल नीट ठेवली, म्हणून बोलली.

वर्धा रोडवाला: मानेवाडा भाऊ, चाकांचं अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत लावणं) केलं का?

मानेवाडा २००६: त्याच दिवशी. बुशचं तुमचं खरं आहे, उद्या सकाळी ढिले करून परत आवळतो. पण गॅरेजात नेणार नाही.

वर्धा रोडवाला: नका नेऊ. जॅकच्या भरवशावर खाली मात्र शिरू नका, स्टँड लावा.